उजवा पाय, लाल दिवा आणि साडेतीनशे पोळ्या

डोंबिवली पूर्वेला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेपाचला कणीक भिजते, सहाला तवा चढतो आणि दुपारी एकपर्यंत उतरत नाही. पुन्हा साडेचार ते आठ. रोजच्या साडेतीनशे पोळ्या, पितृपक्षात त्याहून जास्त. एकोणीस वर्षं मी त्या तव्यासमोर उभी आहे, आणि उभं राहण्याची माझी एक खोड आहे: डावा पाय पाटावर टेकवायचा आणि सगळा भार उजव्यावर. उजव्या पोटरीवरच्या नसा फुगून (व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात याला) तिची हळूहळू गांडुळांची टोपली झाली ती या खोडीमुळे, असं मी धरून चालले होते. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं निघालं. आईला होतं म्हणून मला झालं, उभं राहण्याने ते लवकर बाहेर आलं इतकंच.

गेल्या नोव्हेंबरात मी लेझरने त्या पायातली बिघडलेली नस बंद करून घेतली. आता पाच महिने झाले. केंद्रात येणाऱ्या निम्म्या बायका डबा भरता भरता विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. दवाखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्या काउंटरबद्दल मला चार शब्द वाईट बोलायचे आहेत.

आधी नऊ वर्षं काय केलं ते सांगते, कारण बहुतेक जणी तिथेच अडकलेल्या असतात. रात्री पायाखाली उशी. खोबरेल गरम करून पोटरीला चोळणं (हे तर करूच नये, असं नंतर कळलं). जाऊबाईंच्या सांगण्यावरून दोनदा जळवा लावल्या. दोन दिवस पाय हलका वाटला, मग होता तसा. रात्री पोटरीत वांब यायचे, असे की ओरडून उठायची. पण दुखण्याची सवय होते. घाबरले ती वेगळ्याच गोष्टीने. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, चकचकीत दिसायला लागली आणि तिला खाज सुटली. हुबेहूब हाच डाग मी आईच्या पायावर पाहिलाय. तिच्या त्या डागाची पुढे जखम झाली आणि ती जखम सहा वर्षं भरते आणि पुन्हा उघडते आहे.

म्हणून एकदाची डॉपलर काढायला गेले. ही सोनोग्राफीच, पण झोपवून नाही, उभं करून. लाकडी स्टुलावर उभं केलं, भार डाव्या पायावर, उजवा पाय सैल. बाई जांघेपासून खाली यंत्र फिरवत आली आणि दर वितीवर थांबून पोटरी दाबून सोडत होती. दाबलं की स्क्रीनवर निळा रंग, सोडलं की तो जिथल्या तिथे थांबायला हवा. माझ्या बाबतीत सोडल्यावर लाल रंग उलटा वाहायला लागला आणि वाहतच राहिला. स्पीकरमधून बादली ओतल्यासारखा आवाज. अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटं वाहिलं तर नसेतली, रक्त मागे येऊ न देणारी झडप बिघडली असं धरतात, माझं तीन सेकंदांच्या वर गेलं होतं. पोटरीवर दिसतात ती गांडुळं म्हणजे नुसता फुगवटा. मूळ बिघाड मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या नसेत असतो, ती बाहेरून दिसतही नाही. मला हे त्या स्टुलावर उभी असताना पहिल्यांदा कळलं. नऊ वर्षं मी ओघळाला चोळत होते, गळकी टाकी वर होती.

डॉक्टरांनी पायरी सांगितली: चौथी. शून्यापासून सहापर्यंत मोजतात. दुसरीवर नसा फुगतात, तिसरीवर सूज, चौथीवर कातडी बदलते, पाचवीवर भरलेली जखम, सहावीवर उघडी. म्हणजे आई सहावीवर आणि मी तिच्या वाटेवर.

आता काउंटरचं. डॉक्टरांनी दहा मिनिटं नीट समजावून शेवटी म्हटलं, ‘बाहेर मॅडम खर्चाचं सांगतील.’ या मॅडम डॉक्टर नव्हेत, सिस्टरही नव्हेत. गुळगुळीत फाइल, तीन रंगांचे कागद. उजवा पाय लेझरने पंच्याऐंशी हजार. गोंदाने नस चिकटवायची तर एक लाख साठ हजार. दोन्ही पाय ‘एकत्र घेतले’ तर डाव्यावर सूट. मी म्हटलं, डाव्याला काय झालंय? म्हणे, ‘काकू, आज ना उद्या होणारच, आत्ताच करून टाका, पुन्हा भूल नको, पुन्हा सुट्टी नको.’ डाव्या पायावर माझ्या चार जांभळ्या रेषा आहेत, केसासारख्या. साडीच्या दुकानात एकावर एक ठीक आहे हो. रिपोर्टचे पैसे मी भरले होते, तो मी तिथेच बाकावर बसून वाचला. डाव्या पायाची मोठी नस व्यवस्थित, झडपा शाबूत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

दुसरीकडे बाराशे रुपये देऊन दुसरं मत घेतलं. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, स्वतः यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाले, डाव्याला हात लावू नका. हे बाराशे रुपये माझ्या सगळ्या खर्चातले सगळ्यात सत्कारणी लागले.

लेझर, गोंद, फेस की जुनं ऑपरेशन, हा घोळ घरी आठवडाभर चालला. लेक मायक्रोबायोलॉजी शिकलेली, तिने रात्री बसून वाचलं आणि मला जेवणाच्या टेबलावर शिकवणी घेतली. तिच्याकडून जे कळलं ते माझ्या भाषेत असं. जुन्या ऑपरेशनमध्ये जांघेत कापून ती अख्खी नस ओढून काढत. पाठीत भूल, दवाखान्यात मुक्काम, मांडी काळीनिळी. आता नस काढत नाहीत, आतून भाजून चिकटवतात आणि शरीर ती हळूहळू जिरवून टाकतं. भाजायला एकतर लेझरची तार, नाहीतर रेडिओ लहरींची. रेडिओवाली नसेचा सात सेंटिमीटरचा तुकडा वीस सेकंद १२० अंशांवर धरते, मग पुढचा तुकडा. (१२० म्हणजे आपला पोळीचा तवा याहून गरम. हे ऐकून माझी भीती निम्मी कमी झाली.) गोंद हा फेविक्विकच्या कुळातला. त्यात भाजणं नाही, मांडीभर सुया नाहीत, बहुधा नंतर घालायचे दाबाचे घट्ट मोजेही नाहीत, पण महाग, आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. फेस म्हणजे नस चिकटवणारं औषध हवेत घुसळून टोचतात.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणारी नाइस नावाची संस्था आहे. तिने २०१३ सालीच क्रम लावून दिलाय: आधी भाजून बंद करणं, ते जमत नसेल तर फेस, तेही नसेल तर ऑपरेशन. नुसते मोजे घालून बसायचं ते यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा. माझ्याकडे नऊ वर्षं हा क्रम उलटा चालला होता. तिथेच ७९८ रुग्णांवर लेझर, फेस आणि ऑपरेशन यांची तुलना झाली. पाच वर्षांनी लेझर आणि ऑपरेशनवाले फेसवाल्यांपेक्षा बरे होते. लेक म्हणाली, गोंदाचे जादा पंच्याहत्तर हजार कशासाठी द्यायचे ते तू मला सांग. मला सांगता आलं नाही. लेझर ठरलं.

ह्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो मला आवडला: नस बंद केली तर रक्त जाणार कुठून? थोरल्या दिरांचं बायपास झालंय, त्यांच्या पायातली नस छातीत बसवली होती, म्हणून हेही विचारलं की उद्या हिला लागली तर? डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिते. पायातलं नव्वद टक्के रक्त खोलवरच्या शिरांतून वर जातं, ही वरची नस बिघडली की उलट त्यांच्यावरच बोजा टाकते. आणि अशी फुगून झडपा गेलेली नस बायपासला तशीही घेत नाहीत. डावी शाबूत आहेच.

दिवाळीच्या ऑर्डरी संपवून, भाऊबीज झाल्यावर आठवड्याने गेले. थंडीचे दिवस घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. का, ते मोज्यांपाशी येईल.

त्या दिवशी सकाळी आधी उभं करून मार्करने पायावर रेघा मारल्या. नकाशाच. मग टेबलावर. पूर्ण भूल नाही, मी जागी. गुडघ्याच्या जरा खाली एक सुई, त्यातून तार आत सरकवत जांघेपर्यंत. ती सरकताना काही कळत नाही, स्क्रीनवर दिसते तेवढीच. दुखतं ते यानंतर. नसेच्या भोवती, मांडीच्या लांबीभर, भुलीचं पातळ गार पाणी भरतात. बारा का तेरा टोचण्या मोजल्या मी. पहिल्या तीन-चार चांगल्याच लागतात, आत गार फुगा फुगल्यासारखं होतं, मग बधिर. या पाण्याची तीन कामं, हे सिस्टरने सांगितलं: दुखू न देणं, नस आवळून तारेला चिकटवणं आणि भाजताना आजूबाजूच्या मांसाला आच लागू न देणं. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेलं पाण्यात ठेवतो तसं. ‘अजिबात दुखत नाही’ असं त्या फाइलवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, ते खोटं. दुखतं, पण दाढ काढण्याच्या मानाने कमी, आणि दहा मिनिटंच.

मग सगळ्यांनी गॉगल लावले, मलाही दिला. दिवे मंद केले. मान जरा उचलून पाहिलं तर मांडीच्या आत, कातडीखाली, तांबडा ठिपका पेटलेला. तारेचं टोक कुठे आहे ते दिसावं म्हणून तो दिवा असतो. देवघरात समई लहान केल्यावर काजळी धरते तेव्हा वातीचं टोक दिसतं ना, तेवढाच, तसाच लाल. यंत्र टुक टुक करायला लागलं आणि तो ठिपका जांघेकडून गुडघ्याकडे मुंगीच्या चालीने उतरत आला. माझ्याच पायात, आणि मला काहीच जाणवत नव्हतं. गुडघ्याजवळ आल्यावर टुकटुक थांबली. चार-पाच मिनिटं असतील. टेबलावर चढल्यापासून उतरेपर्यंत पाऊण तास.

उतरल्यावर पट्टी, त्यावर मोजा, आणि ताबडतोब चालायला लावलं. अर्धा तास त्या लांबोळक्या व्हरांड्यात ये-जा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे चालणं औषधाइतकंच महत्त्वाचं, असं बजावलं होतं. माझ्या पुढे एक आजोबा चालत होते, त्यांचे दोन्ही पाय झाले होते. आम्ही समोरासमोर आलो की एकमेकांना नमस्कार करायचो, सातव्या-आठव्या फेरीला दोघांनाही हसू आलं. संध्याकाळी पाचला घरी.

आता मोजे. मांडीपर्यंतचा, दाबाचा, बत्तीसशे रुपयांचा एक. पहिले दोन दिवस रात्रंदिवस, मग पंधरा दिवस दिवसा. तो चढवणं म्हणजे रेड्याला परकर नेसवणं. पहिल्या सकाळी ह्यांनी आणि लेकीने मिळून वीस मिनिटं घेतली, तिघंही घामाघूम. नंतर युक्ती सापडली: पावलाला आधी प्लास्टिकची पातळ पिशवी घालायची, त्यावरून मोजा सरसर जातो, मग बोटांकडच्या भोकातून पिशवी ओढून काढायची. हाताला भांडी घासायचे रबरी मोजे घातले तर पकड छान येते. हे मला दवाखान्यातल्या कुणीही सांगितलं नाही. पंच्याऐंशी हजारांत एवढं बसायला हरकत नव्हती. नोव्हेंबरात ही अवस्था, तर एप्रिल-मे महिन्यात डोंबिवलीच्या उकाड्यात तव्यासमोर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

सहाव्या दिवशी मांडीच्या आत हात लागला आणि काळजात धस्स झालं. जांघेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी ताणल्यासारखी कडक दोरी, पाय सरळ केला की ओढ बसायची. गुठळी झाली असंच वाटलं. फोन केला. फोन काउंटरवरच उचलला गेला आणि ‘डॉक्टर ओपीडीत आहेत, नंतर करा’ असं ऐकवण्यात आलं. नंतर केला, तर पुन्हा तेच. शेवटी आम्ही रिक्षा करून स्टेशन, तिथून लोकल, असे थेट जाऊन बसलो. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं, डॉपलर केली. खोल शिरा मोकळ्या. ती सुतळी म्हणजे बंद झालेली नस, कडक होऊन आकसत होती. हे बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होतं म्हणे. मग ते आधी कागदावर लिहून द्यायला काय होतं? पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत कळ आली तर मात्र फोन करत बसू नका, सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, हेही त्या दिवशी सांगितलं. तेही आधीच सांगायला हवं होतं.

दहा दिवस केंद्रावर गेले नाही. पहिल्या पाच दिवसांनी घरातली कामं करत होते, पण तासन्‌तास एका जागी उभं राहायला मनाई होती, आणि आमचा धंदाच तो. पोळ्या मदतनीस बाईंनी केल्या. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

दीड महिन्याने पोटरीवर उरलेल्या गाठींसाठी फेस. नऊ हजार. हे पॅकेजमध्ये नव्हतं आणि मॅडमनी ते सांगितलंही नव्हतं, म्हणून आधी विचारून घ्या: फक्त मोठी नस, की खालच्या गाठीही? फेस करताना बघण्यासारखं असतं. दोन पिचकाऱ्या एका तोटीने जोडलेल्या, एकीत औषध, एकीत हवा. यातून त्यात, त्यातून यात, वीसेक वेळा ढकललं की पांढरा शुभ्र फेस. ताक घुसळल्यासारखं. लगेच टोचावा लागतो, नाहीतर बसतो.

पैशांचा हिशेब. पॅकेज पंच्याऐंशी हजार, त्यातले साडेअडुसष्ट हजार विम्याने कॅशलेस दिले. एका दिवसात घरी आलो तरी चालतं, हे डे-केअरमध्ये धरतात. खिशातून साडेसोळा हजार, दोन डॉपलरचे पाच हजार, मोजा बत्तीसशे, दुसरं मत बाराशे, फेस नऊ हजार. एकूण चौतीस हजार नऊशे, दहा दिवसांची बुडालेली कमाई वेगळी. विम्याचं एक लक्षात ठेवा. बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला पहिली दोन वर्षं काही मिळत नाही. माझी पॉलिसी तीन वर्षांची होती म्हणून वाचले. माझ्या पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मागता येतात, पण मी डॉपलर सप्टेंबरात काढून नोव्हेंबरात गेले. ते पैसे माझ्या घोळ घालण्यात गेले.

पाच महिन्यांनी पाय कसा आहे? वांब तिसऱ्या आठवड्यापासून आलेले नाहीत, एकदाही. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा तो रुतत नाही. पोटरीची गांडुळं गेली. फेस टोचला तिथे तपकिरी रेघ राहिली आहे, वर्षभरात फिकी होईल म्हणतात. घोट्यावरचा काळा डाग तसाच आहे, फक्त खाज थांबली. गुडघ्याखाली आतल्या बाजूला एका पुरीएवढा भाग अजून बधिर, तिथे हात लावला तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. ज्यांना पाय नितळ, सिनेमातल्यासारखे हवे आहेत त्यांनी या उपचाराला जाऊ नये, पदरी निराशा येईल. दुखणं, सूज, रात्रीची झोप, यासाठी जावं. आणि दुसरीकडे नवी नस फुगणारच नाही याची हमी कुणी देत नाही. आमच्या डॉक्टरांनीही दिली नाही, आणि म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

उपचाराला पाचपैकी साडेचार. डॉक्टरांना पाच. काउंटरला दीड, तोही रांगेत चहा विचारला म्हणून. आता तव्यासमोर दोन पाट ठेवलेत, दर अर्ध्या तासाने पाय बदलते, आणि कणकेची घमेली मदतनीस उचलतात.

गुढीपाडव्याला चिपळूणला गेले होते. आईच्या जखमेबद्दल लेकीने एक वाचून काढलं होतं: ब्रिटनमध्येच ४५० रुग्णांवर पाहिलं, नुसत्या पट्ट्या बांधून आधी जखम भरू देण्यापेक्षा पट्ट्यांबरोबर लगेच नसही बंद केली तर जखम साधारण ५६ दिवसांत भरते, एरवी ८२ दिवस लागतात. आईला आकड्यांत रस नव्हता. तिने माझी साडी गुडघ्यापर्यंत वर करायला लावली, चष्मा लावला, अंगठ्याने पोटरी दाबून पाहिली, मग त्या बधिर पुरीवर टिचकी मारली.

‘कळतंय का?’

‘नाही.’

बराच वेळ ती आपल्या पायाच्या पट्टीकडे बघत होती. मग म्हणाली, ‘तो तांबडा दिवा म्हणतेस, तो दुखतो का गो?’

दिवा नाही दुखत, म्हटलं, त्याच्या आधीच्या सुया दुखतात. वैशाखात माझ्याकडे ये, डॉपलरची वेळ घेऊन ठेवते. ती हो म्हणाली नाही, पण आंबे उतरल्यावर बघू म्हणाली.